बुकबाइंडिंगचं स्टार्टर किट: हत्यारं झकास, कागदाने मात्र डोकं उठवलं

किटमध्ये काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, टोच्या, सुया, मेणाचा दोरा, हाडाची पट्टी, पुठ्ठे आणि ए4 कागदाचं पॅकेट, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. काही महिने वापरून झालंय आणि लिहायला बसले ती फक्त त्या कागदामुळे.

मी बांधलेली ए5 वही उघडली की पानं सपाट पडतच नाहीत, अर्धवट उभी राहतात, आणि पाठीजवळ कागदाला लाटा. शिलाई घट्ट, पाठीला डिंक बेताचाच, रात्रभर वजनाखाली ठेवलेली. मग शेवटी पॅकेटमधला कोरा कागद घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघितला. एका बाजूने मुकाट वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. झालं, ग्रेन उलटा!

मशीनवर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात, तो ग्रेन. ओल लागली की तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत, म्हणजे कागद ग्रेनला आडवा पसरतो. म्हणून पुस्तकात ग्रेन पाठीला समांतर लागतो. तो आडवा असला तर डिंकातल्या पाण्याने कागद पाठीच्या लांबीत वाढायला बघतो, पाठ तर चिकटलेली, मग तो लाटा मारणार नाही तर काय करणार. आता ए4 चा ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो, म्हणजे तो मधोमध दुमडून ए5 केला की ग्रेन बरोब्बर आडवा. आणि किटच्या पुस्तिकेत पहिलीच पायरी काय, तर ए4 अर्धा दुमडा! ग्रेनबद्दल अख्ख्या पुस्तिकेत अवाक्षर नाही.

किटवाल्यांकडे फोटो टाकून तक्रार केली. आधी उत्तर आलं की हाताने बांधलेल्या वहीत थोडं कमीजास्त असायचंच. मी परत लिहिलं, ग्रेन शब्द ठळक करून, तर मोठ्या मनाने नवीन पॅकेट पाठवलं, तोच कागद, तोच ग्रेन. आता माझ्याकडे चुकीच्या कागदाची दोन पॅकेट्स.

हत्यारांबद्दल मात्र तक्रार नाही. हाडाची पट्टी खरोखर हाडाची आहे, प्लास्टिकची नाही, घडीवरून एकदा फिरवली की धार बसते. फक्त गडद कागदावर थेट घासू नका, चकाकणारा पट्टा उमटतो तो जात नाही, मधे रद्दी कागद ठेवा. टोच्या मुळाशी जाड होत जातो त्यामुळे पूर्ण खुपसला की भोकं भसाभस मोठी होतात, मी टोकापासून थोड्या अंतरावर टेप गुंडाळलाय, तिथपर्यंतच घुसवायचा.

दोऱ्याला सुरुवातीला मी भरपूर शिव्या घातल्या. जाड आहे, प्रत्येक जुजाच्या (एकात एक घालून दुमडलेल्या कागदांचा गठ्ठा) घडीत एक दोरा म्हणजे जुजं वाढली की पाठ फुगते आणि वही पाचरीसारखी दिसते. पण नंतर कॉप्टिक शिलाई शिकले, इजिप्तमधले ख्रिस्ती लोक दीड हजार वर्षांपूर्वी बांधायचे तसली, पाठीवर साखळीचे टाके उघडे दिसतात, आणि तिथे हाच दोरा इतका देखणा दिसतो की शिव्या परत घेतल्या. शिवाय पाठीला डिंकच नाही, त्यामुळे लाटांचा प्रश्न कमी आणि वही अगदी सपाट उघडते.

कागद फेकवत नव्हता (पैसे मोजलेत!), तर त्यावर उपाय सापडला. ए4 आधी अर्धा कापायचा, मग तो ए5 तुकडा दुमडून ए6 वही करायची. आता घडी ग्रेनच्या दिशेनेच येते. खिशात मावणाऱ्या मस्त वह्या झाल्या, घरात सगळ्यांना वाटल्या, तरी दुसरं पॅकेट अजून उरलंय. ए5 च हवी असेल तर लांब ग्रेनचा ए3 आणून मधोमध कापा, तो ए4 तुकडा दुमडला की ग्रेन बरोबर पाठीला समांतर येतो. घ्यायच्या आधी एक कागद वाकवून बघा, सगळे ए3 सारखे नसतात. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो, किटमधले पुठ्ठे नशिबाने उभ्या ग्रेनचे निघाले.

तीन स्टार देतेय, तिन्ही स्टार हत्यारांसाठी. आता त्यांच्याकडून कागदाच्या रिफिलवर सवलतीचे मेसेज येतायत, आणि फोटो बघितला तर तोच ए4.