इटलीहून आणलेला बिनवायरचा दिवा, बरेच महिने वापरल्यावर (आणि त्या बटणाबद्दल जरा जास्तच)

परवा संध्याकाळी लाइट गेली आणि आमचा 15 हजारांचा दिवा ढिम्म. बिघडला नव्हता, बॅटरी उतरली होती, तीसुद्धा आदल्या रात्री फुल चार्ज करून ठेवलेली असताना. का उतरली ते आता घरात सगळ्यांना पाठ झालंय आणि त्याच वैतागात लिहायला बसलोय, त्यामुळे सूर तिरका लागला तर चालवून घ्या.

दिव्याचा प्रकार बहुतेकांनी बघितला असेल. टेबलावर ठेवायचा बिनवायरचा लॅम्प, ॲल्युमिनियमची बॉडी, आत एलईडी, 2700 केल्विनचा पिवळसर उजेड, सोबत गोल चार्जिंग बेस, त्यावर दिवा नुसता ठेवायचा. डोक्यावर टच बटण, हात लावला की चालू, परत लावला की बंद, दाबून धरलं की उजेड कमी-जास्त. कंपनी तिथलीच आहे, नाव लिहीत नाही, ज्यांनी असला दिवा घेतलाय त्यांना तसंही कळेल.

आणला मिलानहून. भाचा तिथे पोलितेक्निको विद्यापीठाच्या बोविझा कॅम्पसला डिझाइन शिकतो. त्याने आधीच सांगितलं होतं, मामा एप्रिलमधे येऊ नकोस, तेव्हा फर्निचरचं मोठं प्रदर्शन असतं, सालोने, 1961 पासून भरतंय, त्या आठवड्यात हॉटेलवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. म्हणून ऑक्टोबरमधे गेलो. लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' या भिंतीवरच्या चित्राची तिकिटं अर्थातच संपलेली, एक अख्खा दिवस रिकामा, आणि भाच्याने संधी साधून मला एडीआय डिझाइन म्युझियमला नेलं. 2021 ला उघडलंय, आधी तिथे ट्रामचा डेपो आणि वीजकेंद्र होतं.

खरं सांगतो, इटालियन डिझाइन म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे बॅगा, बूट आणि लाल गाड्या. इथे बघतो तर शिलाई मशीन, खुर्च्या, आणि चक्क झाकणाची प्लास्टिकची बादली. कार्टेलची, 1955 साली तिला कम्पासो दोरो मिळालेला. हे इटालियन डिझाइनचं सगळ्यात मानाचं बक्षीस, 1954 मधे ला रिनाशेन्ते या मोठ्या दुकानाने सुरू केलं. बादलीला मानाचं बक्षीस! आपल्याकडे बादलीला बोहारीण. पण उभं राहून बघितली तर बादली खरंच चांगली होती, नाही म्हणणार नाही.

मी अडकलो तो एका छोट्या दिव्यापाशी. एक्लिस्से, डिझाइनर विको माजिस्त्रेत्तीचा, 1965 चा. पत्र्याची एक गोल टोपी आणि तिच्या आत दुसरी टोपी, आतली हाताने फिरवली की बल्ब हळूहळू झाकला जातो. झालं. उजेड कमी करायला रेग्युलेटर नाही, सर्किट नाही, काही नाही. साध्या बल्बच्या काळात तो पत्रा तापायचा हे वेगळं, पण कल्पना बघा ना, लहान पोराच्या हातात दिला तरी दोन सेकंदात त्याला कळेल काय करायचं ते.

दुसऱ्या दिवशी आकिल्ले कास्तिल्योनी या नावाजलेल्या डिझाइनरचा स्टुडिओ बघितला. तिथे आधी बुकिंग करून जावं लागलं आणि आत कोणीतरी फिरवून दाखवलं. त्यांचा तो कमानीसारखा आर्को दिवा सिनेमातबिनेमात सगळ्यांनी पाहिलेला असतो, 1962 चा, खाली साधारण 65 किलोचा संगमरवर. त्या दगडाला आरपार भोक आहे, मला वाटलं वायरसाठी असेल. तर ते झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायला. मला हे भयंकर आवडलं, म्हणजे माणसाने दिवा डिझाइन करतानाच विचार केलाय की उद्या हा हलवायचा कोणी आणि कसा.

पण खरी वस्तू पुढेच होती. वायरच्या मधे असतो ना तसला खटका, टेबल लॅम्पच्या वायरवरचा. रोम्पित्रात्ता. 1968 मधे आकिल्ले आणि त्याचा भाऊ पिएर जाकोमो यांनी व्हीएलएम कंपनीसाठी केला, लाखोंनी खपला, आणि आकिल्लेला म्हणे आपल्या सगळ्या कामात याचा फार अभिमान होता, कारण घेणाऱ्याला तो कोणी केलाय हे माहीतही नसतं. हातात घेऊन बघितला. बोटांच्या पकडीत बसतो, कडा गोलसर, अंधारात वायर चाचपत गेलात की सापडणारच, आणि दाबला की टक. चालू झालं की बंद झालं हे डोळे मिटूनसुद्धा कळतं. मी तो चारपाच वेळा टकटक केला, भाचा म्हणाला मामा पुरे.

त्याच रात्री नाविल्यिच्या कालव्याकाठी जेवायला बसलो तर प्रत्येक टेबलावर हे बिनवायरचे दिवे. वेटरने एक आणून ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च न लावता मेनू वाचता आला, बिल पण वाचता आलं दुर्दैवाने. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन घेतला. 150 युरोच्या आसपास. एका दुकानात 70 युरोच्या वर खरेदी असली की परदेशी माणसाला टॅक्स परत मिळतो, पूर्वी ही मर्यादा 154.94 होती, 2024 ला खाली आणली. टॅक्स 22 टक्के आहे पण मधले दलाल आपला वाटा कापतात, त्यामुळे 22 च्या हिशोबाने खूश होऊ नका. मालपेन्सा विमानतळावर त्या रांगेसाठी वेळ हाताशी ठेवा. आणि लिथियम बॅटरी आहे म्हणून दिवा केबिन बॅगेत घ्या. माझी बॅग उघडून तिथल्या बाईंनी तो उचलला, उचलताना टचला अंगठा लागला, ट्रेमधे दिवा पेटला, मागची रांग माझ्याकडे बघायला लागली. तेव्हाच मला कळायला हवं होतं म्हणा, पण आपण कौतुकात.

आता वापर. उजेडाबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. एलईडी टोपीच्या आत वर लपवलाय, बसल्या जागेवरून तो दिसतच नाही, दिसतो फक्त टेबलावर पडलेला गोल उजेड आणि समोरच्या माणसाचा चेहरा. डोळ्यात घुसत नाही. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाणं ठरलेलं, इन्व्हर्टरवर हॉलची पांढरी ट्यूब लागते तिच्यात सगळे आजारी दिसतात, त्यापेक्षा ट्यूब बंद करून हा मधे ठेवतो आणि जेवतो. गौरी-गणपतीत मखराशेजारी ठेवला, एक वायर लोंबत नाही, एक्स्टेन्शन बोर्डावर कोणी अडखळत नाही. आईला रात्री उठायला लागतं, तिने तर तो महिनाभर स्वतःच्या खोलीतच नेऊन ठेवला होता, मागायची हिंमत कोणाची. गच्चीत नेलाय, पावसाचे शिंतोडे पडलेत, काही झालं नाही. इतकी चांगली वस्तू बऱ्याच दिवसांत घरात आलेली नाही.

आणि मग ते बटण.

बटण म्हणजे डोक्यावर एक गुळगुळीत ठिपका, किंचित खोलगट, इतका किंचित की अंधारात बोटाला लागत नाही. जो दिवा अंधारातच लावायचा असतो त्याचं बटण अंधारात सापडत नाही, याच्यावर त्या ऑफिसात एकही मीटिंग झाली नसेल? लाइट गेली की आमच्यातला एकजण टेबलावर हात फिरवत जातो, दिवा कलंडतो, कोणीतरी ओरडतं, मग मोबाइलचा टॉर्च लावून त्या उजेडात हा दिवा लावायचा. टक नाही, काही नाही, बोट लागलं की नाही तेही कळत नाही. दुसऱ्यांदा लावलं की पहिल्यांदा पेटलेला बंद. कणकेचा हात असला तर विचारूच नका.

त्याहून वाईट सकाळी. कामाच्या मावशी दहाच्या सुमारास ओलं फडकं मारतात. टचला बोट आणि ओलं फडकं यातला फरक कळत नाही, दोन्हीतून त्याला तेच जाणवतं. दिवा पेटतो. बाल्कनीतून ऊन आलेलं असतं, मंद ठेवलेला पिवळा उजेड कोणाच्या लक्षातही येत नाही, तो बिचारा दिवसभर जळतो आणि संध्याकाळी लाइट जायच्या वेळेला बॅटरी खलास. मावशींना म्हटलं याला पुसू नका. त्या म्हणाल्या, मग धूळ बसली की परत तुम्हीच बोलणार. बरोबर आहे. वर स्टीलची वाटी उपडी घालून बघितली, तर वाटी ठेवतानाच पेटला. बायकोने प्लास्टिकची डबी घातली, ती मावशी उचलतात, पुसतात, परत ठेवतात.

बटणाची ही तक्रार मागेच लिहून ठेवली होती, म्हटलं तीन स्टार देऊन पोस्ट करू. पण त्यानंतर जे झालं त्यामुळे मत थोडं हललंय.

रोज पार तळाला जाऊन बॅटरी थकायला लागली, आधी आठनऊ तास चालायची ती चारावर आली. मुंबईत या मालाचा एक डीलर आहे त्याला मेल केला. उत्तर आलं, परदेशात घेतलाय, वॉरंटी लागू नाही. म्हटलं वॉरंटी नको, पैसे देतो, बॅटरी द्या. तर बॅटरी सुटी मिळत नाही, अख्खं मॉड्यूल बदलावं लागेल, आणि भाव दिव्याच्या निम्म्याच्या वर, शिवाय तपासणीचे वेगळे. मी तीन परिच्छेदांचा मेल लिहिला, त्यांचं एका ओळीचं उत्तर, मी परत तीन परिच्छेद. बायको म्हणाली यात तुझी बॅटरी उतरतीये.

शेवटी पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने दिवा उलटा केला, खालचा रबरी गोल नखाने उचकटला, आत तीन साधे स्क्रू. उघडला तर आत 18650, म्हणजे जुन्या लॅपटॉपमधे असतात त्या लांबट सेलसारखा एक सेल, आणि तो सोल्डर केलेला नाही, छोट्या प्लगने जोडलेला. ओढला, निघाला. तो म्हणाला, साहेब ज्याने बनवलाय त्याला माहीत होतं हा बदलायला लागणार. 450 रुपयात नवा सेल, मजुरीसकट. तीन स्क्रू बघून माझा निम्मा राग तिथेच गेला. म्हणजे बनवणाऱ्याने झाडूच्या दांड्याचं भोक ठेवलंच होतं, लपवलं विकणाऱ्याने. युरोपात तर आता नियमच झालाय, 2023 मधे केला, फेब्रुवारी 2027 पासून अशा वस्तूंची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. डीलरला या नियमाची लिंक पाठवली, उत्तर नाही.

उघडलाच आहे तर मी त्याला बटणाची कर्मकहाणी सांगितली. तो म्हणाला, बॅटरीच्या वायरमधे एक खटका टाकू का, 20 रुपयांचा. खालच्या प्लास्टिकच्या प्लेटला भोक पाडायचं, बाहेरून दिसणार पण नाही. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो खवळला, मामा तू डिझाइनचा खून करतोयस. मी म्हटलं, तुमच्या कास्तिल्योनीने ट्रॅक्टरची सीट उचलून स्टूल केलं, गाडीचा हेडलाइट उचलून तोइओ दिवा केला, तेव्हा कोणी खून म्हणालं नाही, मी तपकीर गल्लीतला खटका बसवला तर काय झालं. त्यावर म्हणे ते वेगळं. वेगळं कसं ते अजून सांगितलेलं नाही.

बसवला. टक वाजतो. सकाळी पुसायच्या आधी खालून बंद केला की फडकं मारा नाहीतर आंघोळ घाला, पेटत नाही. त्रास एकच, खटका बंद असेल तर बेसवर ठेवूनही चार्ज होत नाही, आणि हे आईच्या गळी उतरवता आलेलं नाही, ती बंद करूनच बेसवर ठेवते, वीज वाचते म्हणून. परवा लाइट गेली तेव्हा मात्र खटका चालू राहिला होता आणि मावशी फडकं मारून गेल्या होत्या.

पाचपैकी साडेतीन, बटण सोडून साडेचार. घ्यायचा तर घ्या, फक्त आधी खालचा रबर उचकटून स्क्रू आहेत का बघा, दुकानदार बघत असला तरी. आणि कोणाला माहीत असेल तर सांगा, बेसच्या ॲडॉप्टरच्या दोन गोल पिना आपल्या सॉकेटमधे ढिल्या बसतात, मधेच ठिणगी दिसते, कन्व्हर्टर दोन आणले, दोन्ही तसेच. पुण्यात घट्ट बसणारा कुठे मिळतो?