टेपबॉलसाठी धोबी तलावची खरेदी

हौसेने टेपबॉल, म्हणजे टेप गुंडाळलेल्या टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट, खेळणाऱ्यांनी बॅट घ्यायला मुंबईतील मेट्रो सिनेमाजवळच्या धोबी तलावच्या दुकानांतच जावे, असे मी आवर्जून सांगेन. कारण तेथे दुकाने एकमेकांना लागून असल्याने बॅटी हातात घेऊन, तोलून पारखता येतात आणि घासाघीसही करता येते. लेदरच्या चेंडूचे वजन सुमारे 156 ते 163 ग्रॅम, तर टेनिसच्या चेंडूचे जेमतेम 56 ते 59 ग्रॅम असते. त्यामुळे महागड्या इंग्लिश विलोच्या (विलो म्हणजे बॅटीचे लाकूड) बॅटीवर पैसे घालवण्याची गरज नाही. मागून कोरून हलकी केलेली काश्मीर विलोची बॅट उत्तम चालते. मी घेतलेल्या बॅटीचा तोल खाली, टोकाकडे आहे, म्हणून खाली राहणारा चेंडूही सहज उचलता येतो. मूठ मात्र पातळ असल्याने दुसरी ग्रिप चढवावी लागली.

खरी कसोटी टेपची! वायरमन वापरतात तीच पीव्हीसी टेप घ्यावी, ती किंचित ताणून, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवत, सुरकुती न पडू देता गुंडाळावी. चेंडूच्या एकाच बाजूला टेप लावली, तर गुळगुळीत आणि लवदार बाजूंच्या फरकामुळे तो हवेत सुरेख वळतो. रस्त्यावर मिळणारी स्वस्त टेप मुंबईच्या दमट उन्हात लगेच सुटते, ती टाळावी. सोसायटीच्या सिमेंटवर टेप लवकर फाटते, म्हणून एक जादा रीळ जवळ असू द्यावे.