प्रदेशनिहाय क्षेत्रफळ काढायचंय: लूपवालं मॉडेल बनवू की एकदाच टेबल काढू?

जीआयएस म्हणजे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर. त्यात एका लेयरमध्ये प्रदेशांच्या हद्दी, दुसऱ्यात जमिनीचा वापर म्हणजे शेती, जंगल, वस्ती, पाणी वगैरे, आणि काढायचंय काय तर कुठल्या प्रदेशात कशाचे किती हेक्टर. असं काम आलं की आधी डोक्यात येतं ते म्हणजे एकेक प्रदेश निवडा, क्लिप करा म्हणजे त्याच्या हद्दीपुरता भाग कापा, मोजा आणि लूप लावून द्या, म्हणजे हेच प्रत्येक प्रदेशासाठी आपोआप परत चालतं. मीही बरीच वर्षं तेच करायचो. आता कोणी विचारलं तर मी आधी विचारतो की शेवटी हातात काय हवंय, एक टेबल की प्रत्येक प्रदेशाची वेगळी फाइल? नुसतं टेबल हवं असेल तर बहुतेक वेळा लूपची गरजच नसते.

लूपशिवायचा रस्ता असा. जमिनीच्या वापराचा लेयर रास्टर, म्हणजे पिक्सेलची जाळी, असेल तर आर्कजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये टॅब्युलेट एरिया हे टूल, एका रनमध्ये प्रत्येक प्रदेशाची ओळ आणि प्रत्येक वर्गाचा कॉलम तयार, फक्त स्पेशियल ॲनालिस्ट या जोड-भागाचं लायसन्स लागतं. क्यूजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झोनल हिस्टोग्राम हे टूल फुकट आहे, पण तो पिक्सेलची संख्या देतो, क्षेत्रफळ नाही, म्हणजे गुणाकार आपणच करायचा: ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे ०.०९ हेक्टर, आणि १० मीटरचा असेल तर ०.०१ हेक्टर. रास्टरचं माप मीटरऐवजी अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये असेल तर हा गुणाकार चालत नाही, कारण विषुववृत्तापासून लांब जाल तसा पिक्सेल जमिनीवर अरुंद होत जातो. दोन्ही लेयर व्हेक्टर, म्हणजे रेषांनी आखलेले आकार, असतील तर इंटरसेक्शन करून म्हणजे दोन्हींचे सामाईक तुकडे काढून प्रदेश आणि वर्गानुसार बेरीज, आणि पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस येत असेल तर हेच सगळं ग्रुप बायच्या एका क्वेरीत होतं.

मग लूप कधी? प्रदेश एकमेकांवर चढलेले असतील आणि टूल त्यांचं एकच रास्टर करून मोजत असेल तेव्हा. समजा विहिरींभोवती ५ किलोमीटरची वर्तुळं आहेत आणि ती एकमेकांत घुसलीयत, अशा वेळी सगळी वर्तुळं एकाच झोन रास्टरमध्ये, म्हणजे प्रदेशांच्या रास्टरमध्ये, बदलली तर सामाईक भागातला पिक्सेल एकाच वर्तुळाच्या नावावर जातो आणि बाकीच्यांचं क्षेत्रफळ गुपचूप कमी येतं, एरर वगैरे काही येत नाही. प्रत्येक प्रदेशाचा वेगळा नकाशा हवा असेल, प्रत्येकाला वेगळं प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, द्यायचं असेल किंवा डेटा इतका मोठा असेल की एकदम मेमरीत मावत नाही, तरीही लूपच.

आता लूप कशात बनवायचा. आर्कजीआयएसच्या मॉडेलबिल्डरमध्ये टूल्स एकमेकांना जोडून मॉडेल बनवतात, तिथे इटरेट फीचर सिलेक्शन हा इटरेटर, म्हणजे लूप चालवणारा भाग, आहे, त्यात ग्रुप बाय फील्ड दिलं की एकाच प्रदेशाचे चार तुकडे असले, बेटं वगैरे, तरी ते एकत्र धरले जातात, आणि मला ही सोय खूप आवडते. पण एका मॉडेलमध्ये एकच इटरेटर बसतो आणि त्या मॉडेलमधली सगळी टूल्स प्रत्येक फेरीत परत चालतात, म्हणून शेवटचं मर्ज, म्हणजे सगळी आउटपुटं जोडणं, बाहेर ठेवायचं असेल तर लूपचं वेगळं सबमॉडेल करा आणि कलेक्ट व्हॅल्यूजने आउटपुट गोळा करा. आउटपुटच्या नावात टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये व्हेरिएबलचं नाव टाकायला विसरू नका. मी एकदा नाव तसंच पक्कं ठेवलं, मॉडेल रात्रभर चाललं आणि सकाळी फक्त शेवटच्या प्रदेशाचं टेबल उरलं होतं, बाकी सगळी एकावर एक लिहून गेली. आणि व्हेरिएबलमध्ये प्रदेशाचं नाव नको, कोड घ्या, जिओडेटाबेसला नावातली स्पेस आणि डॅश चालत नाहीत.

क्यूजीआयएसच्या मॉडेल डिझायनरमध्ये लूपचा ब्लॉक नाही, पण मॉडेल चालवताना इनपुट लेयरशेजारी इटरेटचं बटण असतं, ते दाबलं की प्रत्येक फीचरसाठी, म्हणजे लेयरमधल्या प्रत्येक आकारासाठी, मॉडेल एकेकदा चालतं आणि वेगवेगळी आउटपुटं मिळतात. इथे ग्रुप बाय नाही, त्यामुळे आधी डिझॉल्व्ह करून एका प्रदेशाचे तुकडे एकत्र करा. प्रदेश थोडे आणि काम एकदाच करायचं असेल तर एवढं पुरेसं आहे. पण दर वर्षी तेच काम परत येणार असेल तर सरळ पायथॉन, कारण मधेच एका प्रदेशाची जॉमेट्री (आकाराची आखणी) बिघडलेली निघाली तर स्क्रिप्ट तो सोडून पुढे जाऊ शकते आणि लॉगमध्ये कोणता राहिला ते कळतं.

काहीही निवडा, प्रोजेक्शन आधी बघा. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये मोजलं तर ६० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ जवळपास ४ पट येतं, २० अंशावरही सुमारे १३ टक्के जास्त. समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर ठेवणारं, प्रोजेक्शन घ्या, अल्बर्स वगैरे. मग दोन-तीन प्रदेश घेऊन सगळ्या वर्गांची बेरीज मूळ हद्दीच्या क्षेत्रफळाशी लावून बघा: रास्टरमध्ये कडेच्या पिक्सेलमुळे किरकोळ फरक राहतोच, पण एखाद्या प्रदेशात मोठा खड्डा दिसला तर तिथे नो डेटा (रिकामे पिक्सेल) आहे किंवा हद्दी एकमेकांवर आल्यात, आधी तेच तपासा.