"काका, राउटर उडालाय"

सांगलीत वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, येते, परत जाते. मे महिन्यात अशाच एका संध्याकाळी आमचं फायबरचं नेट बंद पडलं. राउटरवर एकही दिवा नाही. तक्रार केली, दुसऱ्या दिवशी कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा आला. राउटर उलटासुलटा केला, चक्क नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "काका, राउटर उडालाय. नवा दोन हजाराला. ऑफिसातनं मागवला तर आठवडा जाईल, माझ्याकडं गाडीत एक आहे बघा."

सुनेचं काम घरून चालतं. आठवडा कोण थांबणार? पैसे रोख घेतले. "पावती ॲपवर येईल" म्हणाला, तक्रार बंद करायचा ओटीपी घेतला आणि जुना राउटर पिशवीत टाकून गेला.

पावती आली नाही. कस्टमर केअरला विचारलं. आमचा राउटर कंपनीच्याच मालकीचा, जोडणी घेताना त्याची अनामत भरलेली. नव्या राउटरचा सिरियल नंबर यंत्रणेत चढवल्याशिवाय नेट सुरूच होत नाही, त्यामुळे बदलल्याची नोंद त्यांच्याकडे होती. शुल्क शून्य!

जुना अडॅप्टर तेवढा टेबलामागे राहिला होता. पुतण्या इलेक्ट्रिशियन आहे, त्याने मीटर लावला. बारा व्होल्ट हवे तिथे काहीच नाही. म्हणजे अडॅप्टर मेलेला असताना राउटर उडालाय हे त्या मुलाला वासावरून कळलं. काही शे रुपयांचं काम होतं.

तेव्हा दिवे आधी बघा. सगळेच बंद असतील तर प्लग पॉइंट तपासा, मग तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तसल्याच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. राउटरवर एलओएस (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरच्या वायरीतून येणारा प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाहीये. वायर तुटलेली, मुडपलेली किंवा पिनेतून निसटलेली असते, तिथे राउटर बदलायची भाषा कुणी केली तर आधी लाइन तपासायला लावा. आणि नेट चालू होऊन पावती हातात पडेपर्यंत ओटीपी देऊ नका. तो दिला की कंपनीच्या लेखी तुमची तक्रार मिटली.

कंपनी म्हणते, रोख दिल्याचा पुरावा पाठवा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. मग त्याच मुलाचा फोन, "काका, हजार परत देतो, मिटवून टाकू." मी म्हटलं, पूर्ण दे आणि यूपीआयने दे. त्यावर फोन कट.

आता प्रश्न जुन्या राउटरचा. तो जमा झाल्याची नोंद कंपनीकडे सापडत नाही. उद्या जोडणी बंद करताना माझ्याच अनामतीतून त्याची किंमत कापतील, म्हणून दोन्ही सिरियल नंबर आणि तक्रार क्रमांक लिहून ईमेल केलाय. उत्तर यायचंय.