रोबोट घ्यावा की एसपीएम?

छोट्या भागांच्या जुळणीसाठी हल्ली दोन पर्याय सुचवले जातात: पाच किलो पेलोडचा (म्हणजे तेवढे वजन पेलणारा) सहा अक्षांचा कोबॉट, म्हणजे माणसांशेजारी काम करण्यासाठी बनवलेला रोबोट हात, किंवा टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या इंडेक्सिंग टेबलाभोवती बांधलेले एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन), म्हणजे एकाच कामासाठी बनवलेले खास यंत्र. माहितीपत्रके वाचली की कोबॉटच उजवा वाटतो. वर्षानुवर्षे एकच भाग काढायचा असेल, तर माझे मत तसे नाही.

रोबोटला हात एकच असल्यामुळे भाग उचलणे, बसवणे, स्क्रू आवळणे, तपासणे आणि बाजूला ठेवणे यांच्या वेळेची बेरीज होत जाते. टेबलावर मात्र याच क्रिया वेगवेगळ्या स्टेशनांवर एकाच वेळी चालतात, त्यामुळे सर्वांत संथ स्टेशनाचा वेळ आणि टेबल पुढे सरकण्याचा वेळ मिळून सायकल टाइम, म्हणजे एका नगामागचा वेळ, होतो. प्रत्येक क्रियेला तीन सेकंद धरले, तर रोबोट १५ सेकंदांत एक नग, म्हणजे तासाला २४० नग देईल; टेबल सरकायला एक सेकंद धरूनही एसपीएम तासाला ९०० नग देईल. हा फरक हाताचा वेग वाढवून भरून निघणारा नाही.

बहुपयोगीपणाचा दावाही तपासून घ्यावा. बहुपयोगी असतो तो हात. ग्रिपर (भाग पकडणारा पंजा), फिक्स्चर (भाग जागेवर धरून ठेवणारी बैठक) आणि बाउल फीडर (सुटे भाग रांगेत लावून पुढे देणारे भांडे) हे त्या भागाच्या आकारालाच बांधलेले असतात, आणि भाग बदलल्यावर पेंडंटवरून (रोबोटच्या हातात धरायच्या नियंत्रकावरून) नवे बिंदू शिकवणे हे त्यातले सोपे काम. तरीही हात आणि कंट्रोलर दुसऱ्या कामाला लावता येतात, हे मान्य करायला हवे. भाग बंद पडला की एसपीएमचा बराचसा सांगाडा भंगारात जातो. कोबॉटला सुरक्षेचे कुंपण लागत नाही, हेही अर्धेच खरे, कारण धोक्याचे मूल्यमापन ग्रिपर आणि हातातल्या भागासकट करावे लागते. धारदार कडेचा पत्रा उचलायचा असेल, तर कुंपण परत येते किंवा वेग उतरवावा लागतो.

रोबोट खरा शोभतो तो दुसऱ्या यंत्राची चाकरी करताना. १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात बसवलेल्या युनिमेट या औद्योगिक रोबोटकडे डाय-कास्टिंग मशीनमधून (वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रातून) तापलेले भाग काढण्याचे काम होते. सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथवर एका नगाला दीड मिनिट लागत असेल, तर हाताचे दहा-बारा सेकंद कोणाला जाणवतही नाहीत, आणि आठवड्याला चार प्रकारचे भाग येत असतील, तर मीही एसपीएमचा विचार करणार नाही. चाचणी मात्र रिकाम्या ग्रिपरने पाहू नये; आपलाच भाग, आपल्याच फीडरवरून, पूर्ण शिफ्टभर चालवून मागावा.