मालिका पाहून झाली, आता मूळ भयकादंबरी वाचावी का?

भयमालिका संपली, आवडली, आणि आता मूळ कादंबरी हातात घ्यावी की नाही हे ठरत नसेल, तर आधी एवढंच शोधा: मालिकावाल्यांनी मूळ कथेतलं किती ठेवलं आहे? शेवट माहीत आहे म्हणून भीती उरणार नाही, ही शंका सोडून द्या. पडद्यावर आपण दचकतो ते काहीतरी समोर आल्यामुळे. पुस्तकात आपण कुणाच्या तरी डोक्यात अडकून पडतो, आणि तिथली भीती कथानक कळल्याने कमी होत नाही.

‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ घ्या. शर्ली जॅक्सनची कादंबरी १९५९ची, माइक फ्लॅनगनची दहा भागांची मालिका २०१८ची. मालिका क्रेन कुटुंबाची आहे: आईवडील, पाच भावंडं, लहानपणी त्या घरात घडलेलं आणि मोठेपणीही पाठ न सोडणारं काहीतरी. कादंबरीत हे कुटुंबच नाही. तिथे ह्यू क्रेन म्हणजे कधीकाळी ते घर बांधणारा माणूस. राहायला येतात ते संशोधक डॉ. माँटेग्यू, त्यांनी बोलावलेल्या एलेनॉर आणि थिओडोरा, आणि घराचा वारस ल्यूक. नावं ओळखीची, माणसं मात्र नवी. त्यामुळे मालिका संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वाचायला घेतली तरी काही बिघडत नाही.

मालिकेत भुतं दिसतात. काही तर चौकटीच्या कोपऱ्यात, दाराआड नुसती उभी असतात आणि पुन्हा पाहताना सापडतात. कादंबरीत जवळजवळ काहीच दिसत नाही. दारावर धडका बसतात, बोचरी थंडी पसरते, भिंतीवर एलेनॉरचं नाव उमटतं. एलेनॉर ३२ वर्षांची. तिची ११ वर्षं आजारी आईची सेवा करण्यात गेलेली, आणि कुठेतरी आपलं म्हणावं असं काही असावं म्हणून ती आसुसलेली. बहुतेक सगळं आपण तिच्या मनातून अनुभवतो. घर तिला ओढून घेतंय की तीच घराला बिलगते आहे, याचा निकाल जॅक्सन लावत नाही. एका रात्री अंधारात ती थिओडोराचा हात घट्ट धरून पडलेली असते. दिवा लागतो तेव्हा थिओडोरा पलीकडच्या पलंगावर असते. त्या दोन-तीन पानांनी मला जेवढं हलवलं तेवढं दहा भागांनी मिळून हलवलं नाही. मालिकेचं बळ शोकात आहे. भावंडांचं दुःख ती फार मायेने हाताळते. ती माया कादंबरीत शोधू नका. जॅक्सन निष्ठुर आहे, आणि म्हणूनच मला तिची कादंबरी थोर वाटते.

मालिका मूळ कथेला धरून असेल तर हिशेब बदलतो. स्टीफन किंगची ‘इट’ १९८६ची, अकराशेहून अधिक पानांची. १९९०ची मालिका अवघ्या दोन भागांची. मुलांना मारणारा विदूषक टिम करीने इतका जबरदस्त उभा केला आहे की वाचतानाही त्याचाच चेहरा आणि त्याचाच आवाज येत राहतो. हे नुकसान खरं आहे, म्हणून इथे मध्ये काही महिने जाऊ द्यावेत. पण वाचावी जरूर, कारण पुस्तकातलं खरं भय डेरी या गावाचं आहे. कथेतल्या मुलांपैकीच एक असलेल्या माइक हॅनलनच्या टिपणांतून गावाचा जुना इतिहास उलगडतो: आगी, स्फोट, हत्या, आणि त्या पाहूनही गप्प बसलेली मोठी माणसं. दोन भागांच्या मालिकेत एवढ्याला जागा मिळणं शक्यच नव्हतं. एक मात्र सांगून ठेवतो: मुलांवरचे अत्याचार पुस्तकात कितीतरी उघडपणे येतात. ते सोसणार नसेल तर मालिकेवर थांबलात तरी चालेल.

किंगच्याच ‘सेलम्स लॉट’मध्ये (१९७५) रक्तपिपासू पिशाच (व्हॅम्पायर) बार्लो सुसंस्कृत, बोलका आणि बोलण्यातून भुरळ घालणारा आहे. १९७९च्या मालिकेत तो मुका, निळ्या चेहऱ्याचा राक्षस झाला. पुस्तकातला मला जास्त भीतिदायक वाटतो, पण खिडकीबाहेर तरंगणारा मुलगा पडद्यावरच पाहावा.

‘द टेरर’बाबत माझं मत जरा वेगळं आहे. डॅन सिमन्सची कादंबरी २००७ची, मालिका २०१८ची, आणि दोन्हींच्या मुळाशी ब्रिटिश नौदलातल्या फ्रँकलिनची १८४५ची आर्क्टिक मोहीम, जिच्यातले १२९ जण परतले नाहीत. इथे आधी मालिका पाहणं फायद्याचंच आहे. कादंबरीची सुरुवातच जहाजं बर्फात अडकल्यानंतर होते, प्रकरणागणिक माणूस आणि काळ बदलतो, आणि खलाशांच्या गर्दीत नवा वाचक हरवतो. मालिका बहुतांशी क्रमाने जाते, त्यामुळे चेहरे आधी पक्के होतात. जॅरेड हॅरिसने साकारलेला जहाजाचा कप्तान क्रोझियर डोळ्यांपुढे असणं तर सोबतीसारखं वाटतं. खलाशांच्या मागे लागणाऱ्या बर्फावरच्या श्वापदाची उत्पत्ती कादंबरी सविस्तर सांगते, आणि क्रोझियरचा शेवटही मालिकेपेक्षा निराळा आहे. पानं मात्र साडेसातशेच्या वर आहेत, आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) कुजत जाणाऱ्या शरीरांची वर्णनं लांबलचक आहेत. जेवताना वाचायचं पुस्तक नाही.