वुड व्हिनेगरच्या भट्टीत माझे २,३१,३०० रुपये गेले

आकडा आधी सांगतो, कारण गावात लोक मनाला येईल तो आकडा बोलतात. भट्टी घ्या, धुराचं पाणी म्हणजे वुड व्हिनेगर बनवा, माल आम्हीच विकत घेऊ, असं सांगणाऱ्या एका कंपनीच्या नादात हे पैसे गेले. नोंदणीचे ११,०००. भट्टीचे १,८५,०००. वाहतूक आणि बसवण्याचे १४,५००. माल भरायचे पन्नास डबे, १९० रुपयांना एक, म्हणजे ९,५००. आणि शेवटी, सगळं कळायला हवं होतं त्या वेळी, प्रयोगशाळेच्या तपासणीचे म्हणून १८,५००. एकूण २,३८,५००. त्यांच्याकडून परत आले ७,२००. गेले २,३१,३००. भट्टीवर सोबतीला घेतलेल्या गड्याची मजुरी १६,००० वेगळी, माझी स्वतःची धरलेलीच नाही. यातले १,२०,००० बायकोची पोत आणि बांगड्या गहाण टाकून आणले होते.

हे लिहायला चार महिने लागले. लाज वाटत होती, अजून वाटते. पण तीच मंडळी आता वेगळ्या नावाने फिरत आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आमचं गाव पांझरेच्या काठी. सहा एकर कपाशी. वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायची, थोडी चुलीला, बाकी बांधावर पेटवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. बोंडअळीमुळे ती शेतात ठेवताही येत नाही. त्यामुळे कोणी येऊन ‘तुम्ही जाळता त्याचेच पैसे करून देतो’ म्हणाला, तर ते कानाला गोड लागणारच. अशा योजना कशा असतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. इमू पाळून बुडालेले पाहिले. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीत राज्यभर शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले तेही पाहिलं. माझ्या मनाने हिशोब असा केला की कोंबडी मरते, भट्टी काही मरत नाही. काहीच झालं नाही तरी लोखंड तर राहील.

आणि वस्तू खोटी नव्हती, हे मला आजही सांगावंसं वाटतं. मी वाचून गेलो होतो. लाकूड बंद भट्टीत, हवा मोजकी ठेवून तापवायचं, निघणारा धूर लांब पाइपातून थंड करायचा, की आंबट वासाचं तपकिरी पाणी गळतं. तेच वुड व्हिनेगर. ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं, बाकी अॅसेटिक आम्ल, थोडं मिथेनॉल, फिनॉल आणि बरंच काही. पीएच तीनच्या आसपास. जपानमध्ये, थायलंडमध्ये शेतकरी ते पातळ करून फवारतात, जमिनीत देतात. हे सगळं खरं आहे. मी फक्त ‘वस्तू खरी आहे का’ एवढंच तपासत बसलो. ‘विकत घेणार कोण’ हे विचारलंच नाही. तालुक्याला वीस कृषी सेवा केंद्रं आहेत. एकाच्या काउंटरवर जाऊन ‘दादा, वुड व्हिनेगरला वर्षात किती गिऱ्हाईक येतं’ एवढं विचारलं असतं तरी माझे पैसे वाचले असते. तुम्ही विचारा. कंपनीच्या माणसाला नको, दुकानदाराला विचारा.

सभा मारुतीच्या पारावर झाली. कंपनीचा माणूस बाहेरचा, पण सोबत आणला होता शेजारच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींचा पुतण्या. ओळखीचा चेहरा पाहिला की आपण अर्धे तिथेच विकले जातो. हिशोब फळ्यावर मांडला: एकरी दहा क्विंटल पऱ्हाटी, सहा एकराची साठ. एका भट्टीला दोन क्विंटल, म्हणजे तीस भट्ट्या. एका भट्टीला ६० लिटर. १,८०० लिटर गुणिले ६० रुपये, १,०८,०००. कोळसा वेगळा, किलोला १८. दोन हंगामात भट्टी फिटली. करार पाच वर्षांचा, माल कंपनीच उचलणार.

माझे चुलते, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो, मागे ओट्यावर बसले होते. त्यांनी मला एकच विचारलं, “कोन इकत लेस रे धूर?” म्हणजे, धूर विकत घेतं कोण? मी त्यांना गप्प केलं. सगळ्यांसमोर.

आता ज्या क्षणासाठी मी रात्री अजून जागा होतो तो.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला प्रात्यक्षिकाला नेलं. एका खळ्यात भट्टी पेटवली. अर्ध्या तासात पाइपातून धार लागली. त्या माणसाने काचेची बाटली धारेखाली धरली, भरली आणि माझ्या हातात दिली. कोऱ्या चहासारखा रंग. उन्हात धरली तर आरपार दिसत होतं. तळाला काही नाही, वर तवंग नाही. मी बोट बुडवलं, बोट चिकट झालं नाही. मी मनात म्हणालो, किती स्वच्छ काम आहे.

तेव्हा त्यांचंच पत्रक माझ्या खिशात होतं. त्यात छापलेलं होतं की भट्टीतून निघालेला माल किमान तीन महिने हलवायचा नाही, मग त्याचे तीन थर होतात: वर हलकं तेल, खाली डांबर, मधला थर तेवढा वापरायचा. म्हणजे ताजा माल गढूळच असला पाहिजे. माझ्या हातातला अर्ध्या तासापूर्वी पेटवलेल्या भट्टीचा, आणि काचेसारखा. तो मुरलेला माल आधीच पाइपाच्या वरच्या टाकीत भरून ठेवलेला असणार, दुसरं काही असूच शकत नाही.

आणि मला हे कळायला पत्रकाचीही गरज नव्हती. आमच्या जुन्या घरात चुलीच्या वर पत्रा होता. आई तीस वर्षं त्याच चुलीवर स्वयंपाक करत होती. पावसाळ्यात पत्रा गार झाला की धुराचे तपकिरी थेंब गळायचे, आणि ते अंगावर पडले की साबणाने जात नसत. आई रॉकेलच्या चिंधीने पुसायची. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला एक डाग मी सातवी ते नववी घालून फिरलो. धुराचं पाणी कसं असतं हे ज्याने अंगावर वागवलं, तो मी ती स्वच्छ बाटली हातात घेऊन खूश झालो. याचं मला स्वतःला उत्तर देता येत नाही. प्रात्यक्षिक पाहायला गेलात तर बोट बुडवा आणि नंतर हात धुऊन पाहा. सहज धुतला गेला, तर तिथून उठा.

भट्टी फेब्रुवारीत आली. पहिल्या दिवशी दोन क्विंटल पऱ्हाटी भरली, सकाळी सातला पेटवली, संध्याकाळी मोजलं तर अकरा लिटर. फोन केला. म्हणे हात बसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी बारा. मग म्हणे ओली पऱ्हाटी भरा, वाढेल. वाढलं, पण वाढलं ते पाणी. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे बहुतेक वाफच असते. धुराड्याच्या तोंडाशी साधारण ८० ते १५० अंश असताना गोळा करायचं, आधीचं पाणचट, नंतरच्यात डांबर जास्त. हे मला नंतर कळलं. त्यांनी १,८५,००० च्या भट्टीला थर्मामीटर बसवलेला नव्हता. पाइपही साध्या पत्र्याचा. आम्ल पत्रा खातं, त्याला स्टेनलेस स्टील लागतं. तिसऱ्या आठवड्यात पाइपाला भोकं पडली, ती मी एम-सील लावून बुजवत होतो. कोळशाचं म्हणाल तर पऱ्हाटीची काडी ती, हातात घेतली की भुगा. १८ रुपये सोडा, फुकट न्यायला कोणी आलं नाही. शेवटी शेतात पसरला.

दहा भट्ट्यांचे १२० लिटर त्यांनी उचलले. तीन महिने मुरवायचं वगैरे काही विचारलं नाही, तसाच गढूळ नेला. तिथेही मला थांबायला हवं होतं. पण नवव्या दिवशी खात्यात ७,२०० जमा झाले, आणि ते पैसे पाहून सगळ्या शंका मिटल्या. ते ७,२०० माझ्याच पैशातले होते. मालाची किंमत नव्हती ती, आमिष होतं. लक्षात ठेवा: पहिला हप्ता वेळेवर येतोच. त्यावरून काहीही ठरवू नका.

त्या नवव्या दिवशी मी बँकेचा मेसेज माझ्या साडूंना पाठवला. त्यांनी पुढच्या सोमवारी २,१०,५०० भरले, कापसाची पूर्ण पट्टी. त्यांची भट्टी कधी आलीच नाही. माझ्या पैशांपेक्षा हे जास्त टोचतं. त्यांनी मला अजून एक शब्द बोलून दाखवलेला नाही, पण या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते सासरी आले नाहीत.

मी मात्र भट्टी पेटवतच राहिलो. शेजाऱ्यांची वीस क्विंटल पऱ्हाटीही घेतली. एकूण चाळीस भट्ट्या. हाताची नखं काळी, डोळ्यांची आग. दुसऱ्या खेपेचे ३४० लिटर भरले, तर उत्तर आलं की पीएच बसत नाही, डांबर जास्त आहे, प्रयोगशाळेचा दाखला लागेल, फी १८,५००. मी भरली. का भरली असं बायको विचारते. २०,४०० रुपयांचा माल अडकला होता, तो सोडवायला भरली. बुडालेल्या पैशामागे आणखी पैसे टाकायचे नसतात हे कळतं, पण ज्याचे बुडालेले असतात त्याला त्या दिवशी कळत नाही. दाखला आला नाही. आठ दिवसांनी एक फोन बंद, पंधरा दिवसांनी दुसरा. करारावरच्या पत्त्यावर गेलो. भाड्याचा गाळा, शटरला कुलूप, शेजारचा चहावाला म्हणाला तुम्ही या आठवड्यातले सहावे.

यानंतरचं जास्त संतापजनक आहे.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या फेरीत सांगितलं, करार आहे ना, मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा. तिसऱ्या फेरीत, पैसे ज्या खात्यात गेले ते दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडे तक्रार द्या. अहो, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, तो झिरो एफआयआर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. हे मी म्हणालो तर हवालदार म्हणाले, “तुम्हीच नोंदवून घ्या मग.” सात फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला साधी पोच मिळाली, तीही अर्जाच्या झेरॉक्सवर, शिक्का पुसट. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर पहिला प्रश्न पैसे कधी गेले. तीन महिने झाले म्हटल्यावर समोरच्याचा आवाजच बदलला. बँकेत गेलो, तिथे म्हणाले तुम्ही स्वतः सही करून आरटीजीएस केलंय. माझी सही होती, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तक्रार आहे!

कृषी कार्यालयात तर मला खुर्चीसुद्धा मिळाली नाही. “हे खतात येत नाही, कीटकनाशकात येत नाही, आमचा विषय नाही.” मग कोणाचा विषय? २०२१ मध्ये बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ, खत नियंत्रण आदेशाखाली आणले. एखादी वस्तू कीड मारते असं सांगून विकायची, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. त्या माणसाने पारावर उभं राहून सांगितलं होतं की मावा, तुडतुडे, बुरशी सगळं जातं, पंपाला १५० मिली टाका. पंधरा लिटरच्या पंपाला १५० मिली म्हणजे शंभर पट. फवारणीला साधारण २०० ते १,००० पट पातळ करतात. आमच्या शेजाऱ्याने मिरचीवर त्या प्रमाणात मारलं आणि पानांच्या कडा करपल्या. याचा पंचनामा करा म्हटलं, तर लेखी अर्ज द्या म्हणाले. दिला. दोन महिने झाले, कोणी बांधावर आलेलं नाही. नोंदणी क्रमांकच नव्हता, म्हणजे तो माल कीड मारतो असं सांगून बाजारात विकता येणारच नव्हता, एवढं एक वाक्य कार्यालयाने सभेच्या दिवशी सांगितलं असतं तर? सभेचा फलक महिनाभर बाजारपेठेत लागलेला होता. रोज तिथूनच जातात ना सगळे.

वकिलांनी ग्राहक आयोगाची वाट दाखवली. समोरचे म्हणतील की यंत्र धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायला घेतलं असेल तर २०१९ च्या कायद्यात ते ग्राहकातच धरलं जातं. म्हणून पावतीवर, करारावर ‘व्यावसायिक वापर’ असं काही छापलेलं असेल तर सही करू नका. मी केली होती, तळाच्या बारीक अक्षरात होतं. आणि ठाण्यात नोंद घेत नसतील तर वाद घालत बसू नका, पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा, पोचपावती जपा. मला हे सातव्या फेरीनंतर समजलं.

मागच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका शेतकऱ्याचा नंबर मिळाला. त्याच्या खळ्यातल्या भट्टीचा फोटो पाहिला, तीच भट्टी, हिरव्याऐवजी निळा रंग. मी त्याला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “पण भाऊ, माझ्या पहिल्या मालाचे पैसे त्यांनी नवव्या दिवशी टाकले ना.” मी त्याला सांगितलं, प्रयोगशाळेची फी मागतील, ती भरू नको. त्याने फोन ठेवला, पण काल परत त्याचाच आला. फी मागितली आहे, १८,५००. त्याने अजून भरलेली नाही.

आता आम्ही चौघं झालोत, साडू धरून. अधीक्षकांकडे एकत्र अर्ज देणार आहोत. ज्यांच्याकडे करार, पावती आणि बँकेचा उतारा तिन्ही असतील त्यांनी झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, ठाण्यातसुद्धा नाही. नुसती पावती असली तरी चालेल, या. माझ्याकडचे ३४० लिटर खळ्यात तसेच पडून आहेत, पुरावा म्हणून एकही डबा उघडलेला नाही.